हुकूम कायम होईपर्यंत

चुकीच्या कोर्टात चोल्वेचे साडेतीन तास गेले, आणि न्यांबेची नि तिची गाठ पडली ती त्यामुळेच.

ऑक्टोबर होता. काब्वेत ऑक्टोबरमध्ये सावलीत बसलं तरी कपाळ तापतं. लोकल कोर्टाच्या व्हरांड्यात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोणाच्या मांडीवर मूल, कोणाच्या मांडीवर नुसतीच पिशवी. चोल्वेचा पुकारा झाला तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते. आत म्हाताऱ्या न्यायाधीशबाईंनी तिचा लग्नाचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा काढला.

"बाई, हे लग्न चर्चमध्ये झालंय. रजिस्टरवर सह्या आहेत."

"हो."

"मग इथे कशाला आलीस? आम्ही रीतीप्रमाणे लागलेली लग्नं मोडतो. हे मोडायला हायकोर्टात जा."

"पण रीतसुद्धा झाली होती. त्यांची माणसं आली होती आमच्याकडे, सगळं मानपानानं..."

"झाली असेल. वर सही झाली ना? मग सहीचं कोर्ट वेगळं. पुढची बाई!"

ती बाहेर आली. रस्त्यापलीकडे हायकोर्टाचं फाटक, आणि फाटकासमोर जॅकरांडाच्या झाडाखाली एक पत्र्याची टपरी. पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स' असं लिहिलेलं. वीज गेलेली होती. आठ-आठ तास जायची. म्हणून आतला माणूस जुन्या, खडखडणाऱ्या टाइपरायटरवर काम करत होता. टपरीच्या छपरावरून जांभळी फुलं घरंगळत त्याच्या कागदांवर पडत होती, आणि तो दर ओळीनंतर फुंकर मारून ती उडवत होता.

"घटस्फोट की नोकरीचा अर्ज?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

आता त्यानं पाहिलं. पस्तिशी उलटलेला, डोळ्यांखाली थोडा थकलेला, अंगठ्याला शाई लागलेला माणूस. हाच न्यांबे.

"नोकरीचा असता तर घाम पुसून आला असतात."

चोल्वेला हसू येणार होतं. आलं नाही. पण येणार होतं, एवढंही तिला कितीतरी दिवसांनी झालं होतं. तिनं चेहरा पुसला आणि समोरच्या बाकड्यावर बसली.

"किती कारणं लिहिता येतात?" तिनं विचारलं.

"कारण एकच."

"एकच? माझ्याकडे सात-आठ आहेत."

"तुमच्याकडे असतील. कायद्याकडे एकच आहे. लग्न पार मोडलंय आणि सांधता येत नाही, बस. ते पटवून द्यायचे रस्ते मात्र पाच." त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. "एक, जोडीदारानं बाहेर संबंध ठेवला. दोन, वागणंच असं की सोबत राहवत नाही. तीन, दोन वर्षं टाकून गेला. चार, दोन वर्षं वेगळे राहताय आणि दोघांची संमती आहे. पाच, पाच वर्षं वेगळे राहताय, मग संमती असो-नसो. बोला, कुठून जायचं?"

"पहिला रस्ता सगळ्यात जवळचा दिसतो."

"आहे जवळचा. पण त्यात त्या दुसऱ्या बाईचं नाव घालावं लागतं. तिलाही कागद जातो. कोर्टात ते नाव मोठ्यानं वाचतात."

"मला तिचं नाव माहीत नाही."

"शोधता येतं."

"नको... मला ते शोधायचं नाही."

तिचा नवरा कलाबा ट्रक चालवायचा. उत्तरेला नाकोंडेच्या सीमेपर्यंत, तिथून पुढे टांझानियाच्या बंदरापर्यंत, आणि परत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिसऱ्या वर्षी त्यांना मूल झालं, ते आठ दिवस जगलं. त्यानंतर कलाबाच्या फेऱ्या लांबत गेल्या. मग कोणीतरी सांगितलं, नाकोंडेला त्याची दोन मुलं आहेत. भांडण झालं नाही. तो यायचा, पाणी प्यायचा, ट्रकचं तोंड वळवायचा. दोन वर्षं तो घरी झोपला नव्हता. चोल्वे दवाखान्यात लहान मुलांच्या बोटांतून रक्त काढायचं काम करायची. जुन्या खाणीची शिशाची धूळ अंगात किती भिनलीय ते तपासायला. दिवसभर दुसऱ्यांची मुलं तिच्या हातात रडायची, आणि संध्याकाळी घरी कोणी नसायचं.

"चौथा रस्ता," ती म्हणाली. "पण तो सही देईल की नाही, कोण जाणे."

"विचारून बघू. अर्जात त्याच्याबद्दल काय लिहू?"

"खरं असेल ते."

"खरं म्हणजे?"

"त्यानं मला कधी मारलं नाही, असं लिहा. उपाशी ठेवलं नाही, असंही."

न्यांबेचे हात थांबले. "मॅडम, अर्ज तुमच्या बाजूनं असतो."

"असू दे. खरं आहे ते."

त्यानं एक फूल फुंकरीनं उडवलं आणि टाइप केलं.

त्यानंतर ती चार वेळा त्या टपरीवर गेली. एकदा मजकूर तपासायला, एकदा प्रतिज्ञापत्रासाठी, एकदा तारीख चुकली म्हणून. "मी वकील नाही," न्यांबेनं तिला बजावलं होतं. "सरकारी मदतीच्या वकीलबाई मंगळवारी बसतात, त्यांना दाखवल्याशिवाय दाखल करू नका. माझ्या भरवशावर कोणी लग्न मोडू नये." चौथ्यांदा गेली तेव्हा काही कारण नव्हतं. दोघांनाही ते कळलं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. त्यानं थर्मासमधून चहा ओतला.

"तुमचं लग्न झालंय?" चोल्वेनं कपाकडे बघत विचारलं.

"झालं होतं. माझ्या बायकोचा अर्ज मीच टाइप केला."

"काय?"

"दुसरी टपरी त्या आठवड्यात बंद होती. ती आली, म्हणाली, तुम्हीच करा, तुमच्या चुका होत नाहीत. तीन पानं होती. मी घरी बोलत नाही, मी रागावतही नाही, माझ्याशी संसार म्हणजे भिंतीशी संसार... तिनं एके ठिकाणी स्पेलिंग चुकवलं होतं. ते मी दुरुस्त केलं."

चोल्वेला हसावं की रडावं ते कळेना. "आणि आता इतकं बोलता!"

"तेव्हा शिकलो नव्हतो." तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग कप उचलून बाजूला ठेवला. "आता एक सांगतो, राग मानू नका. यापुढे इथे चहाला थांबू नका."

"का?"

"काब्वे लहान गाव आहे. अर्ज कोर्टात पडलाय. उद्या कोणी आक्षेप घेतला, तर पहिला रस्ता उलटा तुमच्याच दाराशी येईल."

"एका चहामुळे?"

"चहापासूनच सुरू होतं, मॅडम. मी शेकड्यांनी अर्ज टाइप केलेत."

ती उठली. पायरी उतरताना म्हणाली, "मग उरलेला चहा संपवू की नको?"

"संपवा," तो म्हणाला. "उभ्यानं."

तिनं उभ्यानं संपवला. सावकाश.

अर्ज कलाबाच्या हातात पडायला अडीच महिने लागले. कागद बायकोनं द्यायचा नसतो, कोर्टाच्या बेलिफानं द्यायचा असतो, आणि ट्रकवाला एका जागी कधी सापडायचा? बेलिफ दोनदा रिकाम्या हातानं परत आला. शेवटी डिसेंबरच्या धुवाधार पावसात कापिरीच्या वजनकाट्यावर, रांगेत अडकलेल्या ट्रकच्या खिडकीतून त्यानं लिफाफा आत दिला.

जानेवारीत एका दुपारी कलाबा स्वतः आला. दारात चिखलाचे बूट काढून ठेवले. पूर्वी कधी काढायचा नाही. पायरीवर बसून त्यानं पिशवीतून सुक्या माशांचं पुडकं काढून तिच्यासमोर ठेवलं.

"वाचला मी," तो म्हणाला. "कधी मारलं नाही, असं लिहिलंयस."

"मारलं नाहीस ना."

"नाही." तो पावसाकडे बघत राहिला. "त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं का कधी?"

छपरावर पाऊस वाजत होता.

"आपला तो पोरगा गेल्यावर मला या घरात श्वास घेता येईना, चोल्वे. तू रडायचीस तेव्हा मला वाटायचं, मला काहीतरी करायला हवं. काय करायचं ते कळायचं नाही. ट्रकमध्ये तसं काही करावं लागत नाही. पुढे बघायचं, चालवायचं."

"मला सांगायचं होतंस."

"आता सांगतोय." त्यानं खिशातून संमतीचा कागद काढला. सही आधीच केलेली होती. "कुठे चुकलंय का बघ. मला इंग्रजी कमी येतं."

तो गेल्यावर चोल्वे ते मासे शिजवायला बसली, आणि शिजवता शिजवता इतकी रडली की पातेलं करपलं.

एप्रिलच्या अखेरीस सुनावणी झाली. ती सतरा मिनिटांत आटोपली. न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता? चोल्वे म्हणाली, नाही. कलाबानं जमिनीकडे बघत मान हलवली. शिक्का पडला. बाहेर येऊन कलाबानं तिच्याशी हात मिळवला, जसा लांबच्या नातेवाइकाशी मिळवतात, आणि गेला. त्याचा माल तासाभरात निघणार होता.

टपरीसमोर चोल्वे कागद हातात घेऊन उभी राहिली. न्यांबेनं तो वाचला.

"हा तात्पुरता हुकूम."

"म्हणजे? झालं नाही?"

"झालंय आणि झालेलं नाही. सहा आठवडे थांबायचं. मग अर्ज केला की हुकूम कायम होतो. तोपर्यंत कायद्यानं तुम्ही त्याची बायको."

"सहा आठवडे कशासाठी?"

"कोणाचा आक्षेप असेल तर तो घ्यायला."

"कोणाचाही?"

"कोणाचाही."

"तुमचा आहे?"

न्यांबेनं कागद नीट घडी करून लिफाफ्यात घातला. त्याची बोटं नेहमीपेक्षा हळू चालत होती. "मला आक्षेप आहे तो फक्त... या सहा आठवड्यांवर."

पाऊस थांबला होता, पण झाडावरून थेंब पडत होते. एक तिच्या मानेवर पडला. ती हलली नाही.

"आणि मग?" तिनं विचारलं.

"मग तुला घेऊन मी त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाणार आहे आणि बसून चहा पिणार आहे. बसून. सगळ्या काब्वेच्या देखत."

तो तिला 'तू' म्हणाला होता. तिला ते घरी पोचल्यावर कळलं, आणि मग रात्रभर तेवढंच कळत राहिलं.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात तिचा फोन वाजला. तिच्या हातात एका मुलाचं बोट होतं. कलाबाची आई होती. बाना कलाबा म्हणायचे तिला सगळे, कलाबाची आई. चोल्वे 'मायो', म्हणजे आई, म्हणायची.

"पोरी," पलीकडून आवाज आला, "म्पिकाच्या पुढच्या उतारावर ट्रक उलटला. माझा कलाबा गेला."

चोल्वेनं त्या मुलाच्या बोटावर कापूस दाबून धरला. त्याची आई म्हणाली, बाई, रक्त थांबलंय. तरी ती दाबून धरून होती.

ती सरळ टपरीवर गेली. कुठे जायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, पाय तिकडे वळले. न्यांबेनं तिचा चेहरा पाहून समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. ऐकून घेतलं. टाइपरायटरमधला अर्धा कागद काढून ठेवला.

"आता तो हुकूम कायम होणार नाही," शेवटी तो म्हणाला. "मेलेल्या माणसापासून घटस्फोट होत नसतो. खटला आपोआप संपला. तू..."

"मी विधवा."

"हो."

"मायो बोलावतायत. दुखवट्याच्या चटईवर बसायला. म्हणाल्या, त्याच्यासाठी काळं फडकं बांधणारं दुसरं कोणी नाही."

"कायदा कोणालाही चटईवर बसवू शकत नाही."

"तुला काय वाटतं?"

न्यांबेनं मान खाली घातली. "मला विचारू नकोस, चोल्वे. ऑक्टोबरात विचारलं असतंस तर शांतपणे सांगितलं असतं. आता माझ्या तोंडून 'जाऊ नकोस' असंच निघेल, आणि ते तुझ्यासाठी नसेल, माझ्यासाठी असेल."

ती टपरीची पायरी उतरली. मग बस पकडून कापिरीला, मायोच्या घरी गेली.

जूनची थंडी होती, कोरडी, हाडांत शिरणारी. मायोच्या घरातलं सामान बाहेर काढून जमिनीवर चटया टाकल्या होत्या. बायका आत बसल्या, पुरुष बाहेर अंगणात, जळत्या ओंडक्यांभोवती. चोल्वे कोपऱ्यातल्या चटईवर, डोक्याला काळं फडकं बांधून, भिंतीकडे तोंड करून बसली. विधवा तशीच बसते. लोक आत यायचे, टाहो फोडायचे, तिच्या खांद्याला हात लावून बाहेर जायचे. काही जणी हात लावायच्या नाहीत. "कोर्टात गेली होती ना ही?" असं मागून ऐकू यायचं. "आता बसलीय बघ कशी!"

पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपण ढोंग करतोय. संध्याकाळी कोणीतरी कलाबाचे बूट आत आणले, ट्रकमधून काढलेले, एकाची नाडी तुटलेली. ते बघताच तिच्या छातीतून जे बाहेर आलं त्याला ढोंग म्हणता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातला आवाज एकदम थांबला. दारात एक बाई उभी होती. प्रवासानं चुरगळलेली, पाठीला एक मूल बांधलेलं, दुसऱ्याचा हात धरलेला. त्या मोठ्या मुलाचं कपाळ हुबेहूब कलाबाचं होतं. नाकोंडेची बाई. आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं. कोणी 'ये' म्हणेना. कोणी 'जा' म्हणेना. मायोनं खांद्यावरचं फडकं तोंडावर ओढलं.

चोल्वेनं तिच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तिनं ज्या बाईला चेहरा दिला नव्हता, तिचा हा चेहरा: साधा, दमलेला, भ्यालेला. चोल्वे चटईवर एका बाजूला सरकली. चांगली हातभर जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पोरांनी काही खाल्लंय का?"

बाईनं नाही म्हणून मान हलवली आणि उभ्या जागी हमसाहमशी रडायला लागली.

"तुझं नाव काय?"

"नामुतोवे."

"बस, नामुतोवे. पाठीवरचं इकडे दे."

चोल्वेनं मूल मांडीवर घेतलं. ते झोपलेलं होतं आणि त्याचं डोकं गरम होतं.

दफन तिसऱ्या दिवशी झालं. परत आल्यावर घरातली मंडळी अंगणात बसली. मरण कसं आलं, का आलं, हे अशा वेळी मोठ्यानं बोललं जातं. कलाबाचा मामा काटोंगो उभा राहिला. भाच्याच्या घरात मामाचा शब्द मोठा.

"ट्रक उलटला, ब्रेक लागला नाही, हे ठीक," तो म्हणाला. "पण वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याचं लक्ष उडालं कशानं? कागदानं! या बाईनं कोर्टात माझ्या भाच्याची अब्रू काढली. काय काय लिहिलं असेल त्यात, देव जाणे. तो कागद छातीवर घेऊन पोरगा गाडी चालवत होता. आणि ही आता विधवा म्हणून बसते? उठवा तिला!"

कोणी हललं नाही.

"त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

आवाज अंगणाच्या कडेनं आला. ओंडक्यांपाशी, परक्या माणसांत, न्यांबे बसलेला होता. तो आला आहे हे चोल्वेला ठाऊकच नव्हतं. तीन दिवस तो सकाळच्या बसनं यायचा, लाकडं फोडायचा, संध्याकाळी परत जायचा.

"तू कोण?" मामानं विचारलं.

"टायपिस्ट. तो कागद मी टाइप केला."

"टायपिस्ट मयताला कधीपासून यायला लागले?"

न्यांबे उभा राहिला. "सगळे येत नाहीत. मी आलो." "आठवा परिच्छेद. 'प्रतिवादीने अर्जदारास कधीही मारहाण केलेली नाही. कधीही उपाशी ठेवलेले नाही. आमचे मूल वारल्यानंतर आम्ही दोघे एकमेकांशी बोलू शकलो नाही, यात दोघांचाही दोष आहे.' मी म्हटलं, बाई, हे लिहायची गरज नाही. वकीलबाईही म्हणाल्या. तिनं खोडू दिलं नाही. इतकी वर्षं मी हे काम करतो. नवऱ्याची अब्रू राखणारा अर्ज मी एवढा एकच टाइप केलाय."

ओंडका तडतडला. नामुतोवे हुंदके देत होती. मायो उठून उभी राहिली. तिनं न्यांबेकडे पाहिलं, मग चोल्वेकडे, मग पुन्हा न्यांबेकडे. म्हाताऱ्या माणसांना फार सांगावं लागत नाही.

"काटोंगो, खाली बस," ती भावाला म्हणाली. "माझ्या नातवाबद्दल आज सहा वर्षांनी कोणी चार शब्द बोललं. मला ते ऐकू दे." आणि न्यांबेला म्हणाली, "तू पण बस. उभ्यानं कोणी जेवत नाही माझ्याकडे."

त्या दिवसानंतर न्यांबे आला नाही. फोनही केला नाही. चोल्वे काब्वेला परतली, काळं फडकं बांधून दवाखान्यात जायची. टपरीच्या रस्त्यानं जायचं ती टाळायची. तोही टाळत असणार, कारण बाजाराची वाट दोघांची एकच होती आणि तरीही एकदाही गाठ पडली नाही.

ऑगस्टच्या शेवटी मायो आली, बसनं, एकटी. तिनं चोल्वेला अंगणात बसवलं, डोक्याचं फडकं सोडलं, चोल्वेच्या मनगटावर पांढऱ्या मण्यांची दुहेरी माळ बांधली आणि कपाळाला मक्याचं पीठ लावलं.

"मोकळी झालीस," ती म्हणाली. "हा माझा हुकूम. याला सहा आठवडे लागत नाहीत."

चोल्वेनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मायोचा हात तिच्या केसांतून फिरत राहिला.

"नामुतोवे आणि पोरं माझ्याकडेच राहतायत. धाकटा तुझं नाव घेतो. 'चो' म्हणतो." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तो लाकडं फोडणारा कुठे गेला?"

"कोण?"

"हे बघ, मला म्हातारी समजलीस तरी चालेल. आंधळी समजू नकोस."

"तो येणार नाही, मायो. मी बोलावल्याशिवाय."

"मग बोलाव. का तेही मीच करू?"

शनिवारी सकाळी चोल्वे टपरीवर गेली. वीज होती, न्यांबे संगणकावर काम करत होता. तिला बघून तो उठला आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून तसाच उभा राहिला. तो वाळला होता.

"टाइप करायला काही आणलेलं नाही," ती म्हणाली.

"बरं."

"एक सांगायचंय. तू मध्ये बोलू नकोस." तिनं श्वास घेतला. "मला वाटलं होतं, मी तिथे कर्तव्य म्हणून बसलेय. तसं नव्हतं. मी त्याच्यासाठी रडले, खरं रडले, न्यांबे. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते गेलं होतं, आणि तो गेल्यावर थोडं परत आलं. अजून आहे. तुला हे माहीत नसताना मी तुझ्याबरोबर कुठेही जाऊ शकत नाही."

न्यांबेनं संगणकाचा पडदा बंद केला.

"आता बोल."

"मला माहीत होतं," न्यांबे म्हणाला. "तुझ्या रडण्याचा आवाज अंगणात येत होता. मी लाकडं फोडत होतो... मला त्याचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा. मग माझीच लाज वाटली, म्हणून तोंड दाखवलं नाही."

"आणि आता?"

"आता लाज कमी झालीय. हेवा अजून आहे थोडा." तो प्रथमच हसला, अर्धवट. "आणि तू माझ्या मनातून जराही हललेली नाहीस. प्रेम आहे माझं तुझ्यावर. हे घरी बोलायला मी उशिरा शिकलो, म्हणून आधीच बोलून टाकतो."

चोल्वेचे डोळे भरून आले. "माझं रडणं अजून संपलेलं नाही."

"इथे येऊन रड. बाकडं आहे."

ती बाकड्यावर बसली. तो शेजारी बसला, मध्ये वीतभर अंतर ठेवून. मग ते अंतर तिनंच सरकून भरून काढलं. रस्त्यानं दोन बायका गेल्या, वळून बघत गेल्या. त्याच्या शाईच्या अंगठ्यावर तिचा हात होता.

"उद्याही येईन," खूप वेळानं ती म्हणाली.

"उद्या रविवार. टपरी बंद असते."

"म्हणूनच येईन."